मुंबईच्या गोदीतील 'त्रिंकोमाली' जहाज



आपल्या नांदेड-लातूरकडील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. गोदावरीस पूर येऊन घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, म्हणजे तेवढाच काय तो अफाट पाण्याचा आपला अनुभव. तथापि ज्या लाकडाच्या बळावर माणसाने समुद्र ओलांडला, ते लाकूड मात्र आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. किनवटच्या डोंगरात सागाची झाडे आहेत. जुन्या वाड्यांच्या चौकटी, तुळया व खांब सागवानाचेच आहेत. आणि आपल्या शाळेतील जुने बाकही त्याच लाकडाचे आहेत. म्हणून आज आम्ही तुम्हांस सागवानाने बांधलेल्या एका जहाजाची हकीकत सांगणार आहो.

हा विषय आम्हांस कसा सुचला, तेही सांगितले पाहिजे. इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही एका जुन्या शिडाच्या जहाजाचे चित्र दाखवीत होतो. "हे जहाज इ. स. १८१७ साली मुंबईस बांधले, मध्यंतरी ते फार मोडकळीस आले होते, आणि दुरुस्ती होऊन आज ते इंग्लंडात पाण्यावर उभे आहे," असे आम्ही सांगितले. तोच मागील बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, दुरुस्तीत जुने लाकूड काढून नवे घातले असेल, तर ते जहाज तेच कसे म्हणावे?" वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण उत्तर लगेच सुचले नाही. योगायोग असा की, त्याच आठवड्यात शिक्षकांच्या बैठकीत शाळेच्या मागील कोठीत पडलेले जुने सागवानी बाक भंगारात काढावे की कसे, हा प्रश्न निघाला होता. आम्ही भंगाराच्या बाजूने मत दिले होते. त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हांस त्या मताचा पुन्हा विचार करावयास लावले. तो विचार या जहाजाच्या वाटेने कोठवर गेला, ते आता पाहू.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१५ पर्यंत इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये जवळजवळ अखंड युद्ध चालले होते. इंग्रजांची सारी भिस्त आरमारावर, आणि आरमार म्हणजे ओक वृक्षाचे लाकूड. एकेका मोठ्या जहाजास शेकडो झाडे लागत. ओक वाढावयास तर शंभर वर्षे हवीत. लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा इंग्रज सरकारची दृष्टी मुंबईकडे वळली. तेथे ईस्ट इंडिया कंपनीची गोदी होती, मलबारच्या रानातून येणारे सागवान होते, आणि या दोहोंहून मोलाची गोष्ट म्हणजे ते लाकूड कसे घडवावे हे जाणणारे कारागीर होते.

या कारागिरांचे प्रमुख वाडिया घराण्यातील पारशी गृहस्थ होते. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे जहाज आत घेऊन दरवाजे लावावे, पाणी काढून टाकावे, आणि जहाजाचा तळ उघडा पडला म्हणजे निवांतपणे त्याची डागडुजी करावी, अशी सोय. म्हणजे पाहा, मुंबईची कीर्ती केवळ नवी जहाजे बांधण्यावर उभी राहिली नाही. जुनी जहाजे दुरुस्त करण्याचे कामही तिच्या मुळाशी होते. लवजींनंतर त्यांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या हा व्यवसाय चालविला. आपल्या जहाजाचे शिल्पकार जमशेटजी बोमनजी वाडिया हे याच कुळातील होत.

सागवानाचा गुण कोणता, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ओकच्या लाकडात एक प्रकारचे आम्ल असते. त्यामुळे लोखंडी खिळे गंजतात व खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागवानात याउलट तेल असते. त्या तेलाने खिळ्याचे रक्षण होते, पाणी व कीड यांसही लाकूड लवकर दाद देत नाही. याखेरीज आपल्याकडील सुतारांची फळ्या जोडण्याची रीतही वेगळी होती. फळीस फळी नुसती टेकवून मधली फट बुजविण्याऐवजी ते फळ्यांच्या कडांस खाचा पाडून एकीत दुसरी घट्ट बसवीत. काम सावकाश होई, परंतु टिकाऊ होई.

आपल्या जहाजाची मागणी १८१२ साली झाली. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धजहाजातून मुंबईकडे निघाले. परंतु त्याच वर्षी डिसेंबरच्या २९ तारखेस ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाने 'जावा'चा पराभव केला, आणि नकाशे गेले. त्या 'जावा'वर सर टॉमस हिस्लॉप हा सेनानी होता. पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध इंग्रजी सैन्याचे नेतृत्व करणारा हिस्लॉप तो हाच. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले, आणि कामास प्रत्यक्ष आरंभ होण्यास १८१६ चा मे महिना उजाडला. पारशी लोकांच्या रीतीप्रमाणे जमशेटजींनी जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा एक खिळा ठोकला व काम सुरू झाले.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात सोडण्यात आले. सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली बंदराजवळ १७८२ साली इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती. त्या बंदराचे नाव जहाजास मिळाले. तीन डोलकाठ्या, तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. अशा प्रकारच्या वेगवान युद्धजहाजास फ्रिगेट म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तारखेकडे लक्ष द्यावे. यानंतर महिना उलटला नाही तोच, ५ नोव्हेंबर रोजी, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अंतास आरंभ झाला. ज्या हातांनी हे जहाज घडविले ते आपल्याच देशाचे, आणि ज्या सत्तेसाठी घडविले ती सत्ता त्याच ऋतूत आपल्या देशावर पूर्णपणे बसत होती. या गोष्टीचा अभिमानही वाटतो आणि खंतही वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि इतिहास वाचताना एकीसाठी दुसरी लपविण्याचे कारण नाही.

मुंबईहून निघालेले जहाज जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना बेटावर पोहोचले. पदच्युत नेपोलियन तेव्हा त्या बेटावर बंदिवासात होता. नेपोलियनला तपासणारा जॉन स्टोको नावाचा शल्यवैद्य तेथे जहाजावर चढला, आणि ३० एप्रिल १८१९ रोजी जहाज इंग्लंडातील पोर्ट्समथ बंदरास लागले. परंतु ज्या युद्धासाठी त्याची मागणी झाली होती ते युद्ध आता संपले होते. नवे कोरे जहाज बाजूस बांधून ठेवण्यात आले, आणि असे ते १८४५ पर्यंत म्हणजे जवळजवळ २६ वर्षे उभे राहिले. मुलांनो, आपल्या वाट्यास लवकर काम आले नाही म्हणून जे खिन्न होतात त्यांनी ही २६ वर्षे आठवावी.

१८४५ साली त्याचा मागील भाग नव्याने घडविण्यात आला, तोफांची संख्या कमी करून त्या अधिक भारी बसविण्यात आल्या, आणि त्याचा वर्गही बदलला. म्हणजे समुद्रावर प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वीच त्यात एकदा फेरफार झाला होता. १८४७ ते १८५० पर्यंत ते उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रात होते. गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. १८५२ ते १८५७ पर्यंत ते प्रशांत महासागरात फिरले. क्रिमियाचे युद्ध चालू असता रशियन जहाजांच्या शोधातही होते.

याच सफरीतील एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. १८५६ साली कॅनडाच्या पश्चिमेकडील व्हँकूव्हर बेटावर एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली गेली. तेव्हा तेथील गव्हर्नर जेम्स डग्लस याने याच जहाजातून शेकडो खलाशी व सैनिक कौविचन नावाच्या मूळ रहिवाशांच्या मुलखात उतरविले, आणि त्यांच्यातील एका इसमास फाशी देण्यात आले. गुलामांच्या व्यापाऱ्यांवर नजर ठेवणारे जहाज हेच, आणि दुबळ्या लोकांच्या किनाऱ्यावर धाक घालणारेही हेच. लाकडास पाप-पुण्य नसते. ते त्याच्यावर हुकूम चालविणाऱ्या माणसांच्या हिशेबी लिहिले जाते. जुनी वस्तू जपावयाची ती तिचे दोष झाकून नव्हे, तर दोन्ही गोष्टी सांगता याव्या म्हणून.

१८५७ साली जहाज परत आले तोवर शिडांचे दिवस सरत आले होते. वाफेची यंत्रे व लोखंडी जहाजे यांचे युग आले होते. कोणत्याही मोठ्या आरमारी युद्धात नाव न गाजविता 'त्रिंकोमाली'ची समुद्रावरील नोकरी संपली. मग त्यास एक साधे काम देण्यात आले. १८६० नंतर प्रथम संडरलंड, पुढे हार्टलपूल व १८७७ नंतर साउथॅम्प्टन या बंदरांत उभे राहून ते राखीव खलाशांस कवायत शिकविण्याच्या कामी आले. मोठे पद गेले तरी ते उपयोगातून गेले नाही, आणि उपयोगात होते म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष राहिले. अखेर १८९७ च्या मे महिन्यात ते मोडीत विकले गेले.

येथे कथेस अनपेक्षित वळण लागते. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने सेनापती नेल्सनचे 'फूद्रोयाँ' नावाचे जुने जहाज मोडणाऱ्यांच्या हातून सोडवून, मोठा खर्च करून दुरुस्त केले होते. १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूल गावाच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटले. जहाजावरील माणसे बचावली, जहाज गेले. दुसरा कोणी असता तर हात टेकून बसला असता. कॉबने मोडीत निघालेले 'त्रिंकोमाली' विकत घेतले, दुरुस्त केले, आणि गेलेल्या जहाजाच्या आठवणीसाठी त्यास 'फूद्रोयाँ' हे नाव दिले. पुढे अनेक वर्षे मुले त्या जहाजावर राहून दोर ओढणे, होडी वल्हविणे, स्वतःचे काम स्वतः करणे शिकत असत. अशा रीतीने मुंबईचे युद्धजहाज मुलांची शाळा झाले. कॉबचे निधन १९३१ साली झाले. परंतु शाळा बंद पडली नाही. पोर्ट्समथ बंदरात ती १९८६ पर्यंत चालली.

या बंदरात त्याच्या शेजारी आणखी एक जहाज उभे असे. त्याचे नाव 'इंप्लेकेबल'. मूळचे ते फ्रेंच, ७४ तोफांचे. १८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईनंतर इंग्रजांनी ते पकडले होते. 'त्रिंकोमाली'हून ते जुने, मोठे आणि कितीतरी अधिक प्रसिद्ध होते. कॉबनेच तेही वाचविले होते, आणि दोन्ही जहाजांवर मिळून मुलांचे शिक्षण चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर 'इंप्लेकेबल'च्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आला. देश युद्धाने थकला होता; पैसा मिळेना. २ डिसेंबर १९४९ रोजी त्यावर इंग्रज व फ्रेंच अशी दोन्ही निशाणे चढविली, ते समुद्रात ओढून नेले, आणि सुरुंग लावून बुडविले. सुरुंगाने तळ फुटला तरी ते लगेच बुडाले नाही. लाकूड काही काळ तरंगतच राहिले. पाहणाऱ्यांच्या मनास ती गोष्ट फार लागली, आणि जुनी जहाजे जपण्याची चळवळ इंग्लंडात जोर धरावयास ही घटना बरीच कारण झाली.

विद्यार्थ्यांनो, या दोन शेजाऱ्यांचा नीट विचार करा. नाव मोठे ते बुडविले गेले, आणि ज्याने एकही मोठी लढाई जिंकली नाही ते राहिले. याचे कारण कीर्तीत सापडत नाही. ज्यास रोजचे काम होते आणि ज्याच्या मोडतोडीकडे वेळच्या वेळी पाहिले गेले, ते टिकले. दुरुस्ती साचू दिली म्हणजे तिचा खर्च एके दिवशी आवाक्याबाहेर जातो, आणि मग "आता काही इलाज नाही" हे वाक्य खरे ठरते. पहिल्या दिवशी ते खरे नसते.

'त्रिंकोमाली'वरही ती वेळ जवळ आलीच होती. १९८७ साली ते एका तराफ्यासारख्या सपाट जहाजावर चढवून हार्टलपूल येथे आणण्यात आले. सव्वाशे वर्षांपूर्वी जेथे त्याने खलाशांस कवायत शिकविली होती तेच हे गाव. एके काळी हे जहाजबांधणीचे मोठे ठिकाण. परंतु १९६० नंतरच्या काही वर्षांतच तेथील जहाजबांधणी बंद पडली होती. तथापि 'वॉरियर' नावाच्या १८६० सालच्या लोखंडी युद्धजहाजाची दुरुस्ती तेथे नुकतीच पुरी झाली होती, आणि त्या कामात जुनी कसबे पुन्हा हाती आलेले कारागीर तेथे होते. १९९० साली 'त्रिंकोमाली'चे काम सुरू झाले. १९९२ साली त्यास त्याचे मूळ नाव परत मिळाले. २००१ साली काम पुरे झाले. खर्च सुमारे १ कोटी ५ लाख पौंड आला. मुंबईच्या गोदीत बांधावयास लागला दीड वर्षाहून कमी काळ, आणि दुरुस्त करावयास लागली अकरा वर्षे! कुजलेला भाग तेवढाच काढावयाचा, सशक्त लाकूड जपावयाचे, नव्या लाकडास जुन्या लाकडाचा बाक द्यावयाचा, हे काम नव्याने बांधण्याहून कठीण असते.

आज ते जहाज हार्टलपूलच्या संग्रहालयात पाण्यावर उभे आहे. 'व्हिक्टरी' हे नेल्सनचे जहाज त्याहून जुने खरे, परंतु ते कोरड्या गोदीत आहे. म्हणून पाण्यावर तरंगत असलेले सर्वांत जुने ब्रिटिश युद्धजहाज हा मान 'त्रिंकोमाली'चा आहे. त्याच्या पुढील टोकास फेटा बांधलेल्या पुरुषाची कोरीव मूर्ती आहे. आणि गंमत अशी की, ज्या अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्याचे पहिले नकाशे समुद्रात अडविले, तेही बॉस्टन येथे अद्याप जपून ठेवलेले आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. लाकूड बदलले तर जहाज तेच कसे? मुंबईत घडविलेले सागवान आजही त्या जहाजात मोठ्या प्रमाणात आहे, हे एक उत्तर झाले. परंतु समजा, ते कमी असते तर? आम्हांस असे वाटते की, जहाज तेच राहते ते प्रत्येक नवी फळी जुन्या फळीशेजारी, तिच्या मापाने बसविली म्हणून. सगळे एकदम मोडून नवे केले असते तर ते केवळ त्याचे चित्र झाले असते. थोडे जुने नेहमी शिल्लक राहिले आणि नव्याने त्याचे माप घेतले, म्हणून धागा तुटला नाही. आपली शाळाही अशीच आहे. दरवर्षी एक वर्ग बाहेर पडतो, एक आत येतो. शिक्षक निवृत्त होतात, नवे येतात. तरी शाळा तीच. घराचेही तसेच. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्यानंतर काय मोडून टाकावे, काय सावरावे आणि कशावर पुन्हा उभे राहावे, हे ज्यांनी ठरविले ते लातूरकडील पालक ही गोष्ट आमच्याहून अधिक जाणतात.

राहता राहिले बाक. पुढच्या बैठकीत आम्ही आमचे मत परत घेतले. एका वृद्ध सुतारास बोलावून कोठी उघडली. त्यांनी एकेक बाक उलटा करून पाहिला, बोटाने सांधे चाचपले आणि म्हणाले, "सर, लाकडाला काही झालेलं नाही. खिळे गेलेत, पाय हललेत, एवढंच. हे विकाल तर असलं लाकूड परत मिळायचं नाही." किती वर्षे आम्ही त्या कोठीपुढून गेलो होतो, पण बाक उलटा करून पाहण्याचे आमच्या मनात एकदाही आले नव्हते!

उन्हाळ्याच्या सुटीत वरच्या वर्गांतील काही मुले त्यांच्या हाताखाली काम शिकावयास येणार आहेत. ज्या पालकांच्या घरी रंधा, पटाशी किंवा करवत असेल त्यांनी ती काही दिवस उसनी द्यावी, आणि ज्यांना हे काम येत असेल त्यांनी स्वतः यावे, अशी आमची विनंती आहे. ज्याने तो प्रश्न विचारला त्या मुलाने आपले नाव सर्वांत आधी नोंदविले आहे. पहिला बाक दुरुस्त झाला म्हणजे तो त्याच्याच वर्गात ठेवण्यात येईल, आणि तो बाक जुना म्हणावा की नवा, हे त्यानेच त्यावर बसून आम्हांस सांगावे.